तीच चाल, नवा प्रसंग



घरातली मुलं गेम खेळतात, तेव्हा त्यातल्या संगीताकडे आपण मोठी माणसं फारसं लक्ष देत नाही. पण त्यामागेही एक संगीतकार असतो, आणि तो कधी कधी स्वतःचीच जुनी चाल नव्यानं बांधतो. अमेरिकी संगीतकार जेरेमी सोल यांनी २००२ साली 'मॉरोविंड' या गेमसाठी एक धून केली. २००६ च्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये तीच धून वेग घेऊन आली, तर २०११ च्या 'स्कायरिम'मध्ये पुरुषांच्या समूहस्वरात गरजली. तिन्ही गेमच्या कथा वेगळ्या, जग मात्र एकच. ती धून कानी पडली, की खेळणाऱ्याला ओळख पटते.

जुनी चाल अशी पुन्हा वापरण्याला आळस म्हणणं मला पटत नाही. संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून जुन्या गाण्याचं नाव उघडपणे दिलेलं असे. संगीतकार अजय-अतुल यांनी 'जत्रा' या मराठी चित्रपटातल्या 'कोंबडी पळाली'ची चाल २०१२ च्या हिंदी 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली'ला दिली. आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांचं ते गाणं श्रेया घोषाल यांच्या एकटीच्या आवाजात आलं आणि त्याचा रंगच पालटला. 'सैराट'चं 'झिंगाट' मात्र त्याच्या हिंदी अवतारात, 'धडक'मध्ये, जवळपास जसंच्या तसं गेलं. करमाळ्याकडची ती धुंदी उदयपूरच्या गोष्टीत मला उपरी वाटली. चाल पुन्हा वापरावी, पण नव्या प्रसंगासाठी ती पुन्हा घडवावी.

हे घडवणं आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या झाडीपट्टी नाटकांतल्या वादकांना चांगलं ठाऊक आहे. दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावजत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती यांच्या निमित्तानं गावोगावी नाटकं रात्रभर रंगतात. ऑर्गनवाला, तबलजी यांची नजर नटावर असते. नटानं प्रसंग लांबवला, की वादक सूर धरून ठेवतात; प्रसंग फिरला, की तेही फिरतात. गेममध्येही तसंच असतं. खेळणारा थांबला, तर संगीत घोळत राहतं. शत्रू समोर आला, की ते बदलतं. सिनेमातल्या गाण्याची लांबी ठरलेली असते, इथं ती खेळणाऱ्याच्या हाती असते.

म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीच्या ज्या मुलांना गेमसाठी संगीत करायचं आहे, त्यांना माझं मनापासून सांगणं आहे: संगणक जरूर शिका, पण एखादा हंगाम झाडीपट्टीच्या ऑर्गनवाल्याजवळ बसा. एकच चाल किती प्रसंगांना पुरते आणि त्यासाठी दर वेळी तिच्यात काय बदलावं लागतं, हे तिथं डोळ्यांदेखत शिकायला मिळेल.