साक्षीदार जागेवर हवा



आज ट्रकविषयी दोन शब्द बोलू. आम्ही जन्मभर शाळेत शिकवले. ट्रक काही आम्हाला चालवता येत नाही. पण आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा स्वतःचा ट्रक आहे. त्याची ही हकिकत.

वैशाखात तो चिपळूणहून आंब्याच्या पेट्या घेऊन कराडला निघाला. कुंभार्ली घाट लागला आणि गाडीची ओढ गेली. कितीही पाय दाबा, गाडी रखडतच चाले. सकाळचा बाजार हुकला. पेट्या पडेल भावाने द्याव्या लागल्या.

असे का झाले? ऐका. इंजिनाला डिझेल लागते, तशी हवाही लागते. थंड हवा दाट असते, गरम हवा विरळ. एक मीटर लांब, रुंद आणि उंच अशी पेटी घ्या. तिच्यात २० अंशांची हवा सुमारे १ किलो २०० ग्रॅम मावते. ६० अंशांची हवा मावते सुमारे १ किलो ६० ग्रॅम. हवा कमी, तर डिझेलही कमीच जळणार.

ट्रकमध्ये टर्बो नावाचा पंखा हवा दाबून भरतो. दाबली की हवा तापते. सायकलचा पंप मारताना गरम होतो ना, तसेच. म्हणून ती हवा आधी इंटरकूलरच्या जाळीत निववतात. पुढच्या नळीत बोटाएवढा सेन्सर बसवलेला असतो. हा इंजिनाचा थर्मामीटरच म्हणा. तो सांगेल त्याप्रमाणे गाडीतला संगणक डिझेल सोडतो. हवा फार तापली असे कळले, तर इंजिन जपण्यासाठी डिझेल आखडतो.

आमच्या विद्यार्थ्याच्या गाडीत सेन्सरची बैठक फुटली होती. वाटेतल्या एका मिस्त्रीने भोक बुजवले आणि सेन्सर तारेने इंजिनाजवळ बांधला. घाटात इंजिन तापले. सेन्सरने ती धग सांगितली. संगणकाला वाटले, नळीतली हवाच तापली!

पुढे कोणी सल्ला दिला, "सेन्सर पुढे वाऱ्यावर बांध. गाडी पळेल बघ."

तो आमच्याकडे आला. "गुरुजी, काय करू?"

आम्हाला शाळेतला थर्मामीटर आठवला. पोरांनी तो एकदा उन्हातल्या पत्र्याला टांगला आणि गावभर ओरडत सुटली, "आज ५० अंश!" तो पत्र्याचा ताप होता. वेधशाळेत थर्मामीटर पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरवर ठेवतात. हवा खेळते आणि ऊन लागत नाही.

आम्ही म्हणालो, "बाबा रे, इंजिन जी हवा पिते, तीच मोजली पाहिजे. बाहेरचा वारा मोजलास, तर संगणक हवेपेक्षा डिझेल जास्त सोडील. काळा धूर निघेल. इंजिन तापेल आणि लवकर झिजेल."

त्याला ते पटले. जाणत्या मिस्त्रीकडून त्याने इंटरकूलरच्या पुढच्या नळीवर नवी बैठक करून घेतली. इंजिनाची धग लागणार नाही, अशी जागा निवडली. हवा फुटू नये म्हणून रबराची कडी घातली. तारा डाग देऊन नीट जोडल्या. आता भरला ट्रक घाट चढतो.

मंडळी, सेन्सर पहिल्यापासून खरेच बोलत होता. त्याला उभे केले होते भलत्या जागी. गावातल्या तंट्यातही हे ध्यानात ठेवा. साक्ष घ्यायची, तर जो जागेवर होता त्याची घ्या.