निवाऱ्यानंतर कुठे?

(रेडिओवरील भाषण)



सूतगिरणी चौक, पुंडलिकनगरचा रस्ता, गजानन महाराज मंदिराचा परिसर. छत्रपती संभाजीनगरमधल्या आमच्या गारखेड्यातल्या या वर्दळीच्या जागा. रात्री दुकानांची शटर खाली आली की एखाद्या ओट्यावर कुणीतरी अंथरूण टाकते. थंडी वाढली की आपल्यातलेच कोणी ब्लँकेट नेऊन देतात, कोणी गरम चहा पाजतात. ही माणुसकी मोलाची आहे आणि ती टिकायला हवी. आज मात्र मी बोलणार आहे शासनाच्या पैशाविषयी. घर नसलेल्या माणसासाठी हा पैसा कशावर खर्च होतो, आणि कशावर व्हायला हवा, एवढेच मला मांडायचे आहे.

मी अनेक वर्षे एका सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. पोलीस किंवा 108 ची रुग्णवाहिका रस्त्यावर पडलेल्या माणसाला घेऊन येते. केसपेपरवर नावाच्या जागी ‘अनोळखी’ असे लिहिले जाते. डॉक्टर, सिस्टर, वॉर्डातल्या मावशी त्याच्यासाठी राबतात. जखम भरते, ताप उतरतो, माणूस दोन घास खाऊ लागतो. मग डिस्चार्जचा दिवस येतो आणि डॉक्टर विचारतात, “मॅडम, यांना पाठवायचं कुठं?” निवारागृहात जागा असली तर तिथे, एवढेच मला सांगता यायचे. पण ज्याला रोजच्या गोळीची आठवण करून द्यावी लागते, ज्याचा पाय मधुमेहाने कापावा लागला आहे, जिला आपले गाव आठवत नाही, अशांचे रात्रीपुरत्या खाटेने भागत नाही. काही महिन्यांनी तोच माणूस आणखी खंगून त्याच वॉर्डात परत येतो.

2011 च्या जनगणनेत 28 फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली. देशात 17 लाख 73 हजार माणसे उघड्यावर आढळली. त्यांतली 9 लाख 38 हजार शहरांत होती. महाराष्ट्राचा आकडा 2 लाख 10 हजारांच्या वर होता. या सगळ्यांची गरज सारखी नाही. पावसाने दगा दिला म्हणून गाव सोडून शहरात मजुरीला आलेल्या जोडप्याला काही महिने स्वस्त, सुरक्षित जागा हवी असते. हाताला काम असले की ते स्वतःच्या पायावर उभे राहतात. पण जो म्हातारा आहे, आजारी आहे, मनाने खचला आहे आणि ज्याला विचारणारे कोणीच उरलेले नाही, त्याला कायमचे घर हवे आणि त्या घरात कुणाची तरी सोबत हवी. आपली व्यवस्था दोघांनाही एकाच सतरंजीवर झोपवते.

बेघरांचा प्रश्न न्यायालयांनी पूर्वीच हाती घेतला आहे. 1985 मध्ये मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात, ओल्गा टेलिस प्रकरणात, सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. 2010 मध्ये दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत बेघरांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर आला, आणि शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारागृह हवे, हा दंडक ठरला. 2013 मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सुरू झाले आणि हा दंडक केंद्राच्या योजनेत आला. निवारा बारमाही असावा, चोवीस तास उघडा असावा, माणशी किमान 50 चौरस फूट जागा असावी, स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृह असावे, असे नियम झाले. वृद्ध, मनोरुग्ण आणि आजारातून उठलेल्यांसाठी वेगळे निवारे काढण्याची तरतूदही झाली. आपल्या शहराची लोकसंख्या 2011 मध्येच 11 लाख 75 हजार होती. त्या हिशेबाने इथे तेव्हाच किमान अकरा निवारे हवे होते.

आता या योजनेतला पैसा पाहू. 50 माणसांच्या निवाऱ्यासाठी चालवण्याचा खर्च म्हणून वर्षाला 6 लाख रुपये धरले होते. म्हणजे महिन्याला 50 हजार. माणशी महिन्याला 1,000 रुपये. दिवसाला साधारण 33 रुपये. यातूनच व्यवस्थापकाचा पगार द्यायचा, पाळीपाळीने राहणाऱ्या काळजीवाहकांचा द्यायचा आणि रोजचा खर्चही भागवायचा. शिवाय ही मदत होती पाच वर्षांची. इमारत बांधून झाली, पाच वर्षे सरली, पुढचा भार स्थानिक संस्थेवर आला. 2024 मध्ये त्या अभियानाची मुदतही संपली. निवाऱ्यात राहणाऱ्या आजीचे आजारपण मात्र कोणत्याही योजनेच्या मुदतीबरोबर संपत नाही.

माझे म्हणणे असे आहे. बेघरांसाठीचा निधी आपण अनावर्ती खर्च म्हणून पाहतो: एकदा दिला, इमारत झाली, फाइल बंद. आजारी आणि एकट्या माणसाला घरात टिकवून ठेवणारा खर्च आवर्ती असतो. तो दरमहा लागतो. गोळ्या वेळेवर देणारी बाई, बँकेत आणि दवाखान्यात सोबत जाणारा माणूस, आठवड्याला फेरी मारणारा समाजसेवक, यांच्या पगारासाठी कायमचे लेखाशीर्ष नसेल तर नुसत्या भिंती उभ्या राहतात.

घरकुल योजना या माणसापर्यंत का पोहोचत नाहीत, असे कोणी विचारेल. प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख मिळतात; पण त्यासाठी आधी जागा तरी हवी. तयार सदनिका घ्यायची तर उरलेली रक्कम भरण्याची ऐपत हवी. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान 2023 मध्ये महिना 1,500 रुपये झाले, पण त्यालाही राज्यातल्या 15 वर्षांच्या रहिवासाचा पुरावा लागतो. ओट्यावर झोपणाऱ्याने तो कुठून आणायचा? आणि समजा चौघांना अनुदान मिळाले, चौघे एकत्र राहिले, तर हाती येतात 6,000 रुपये. त्यात फार तर दोन खोल्यांचे भाडे निघेल. सोबत राहणाऱ्या बाईचा पगार निघणार नाही. शासनाने पुढे यायचे ते नेमके इथे.

कायद्यानेही ही जबाबदारी शासनावर टाकली आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 19 प्रमाणे, केवळ घर नाही किंवा कुटुंब स्वीकारत नाही म्हणून कोणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येत नाही. समाजात राहण्यासाठी अशा माणसाला सामूहिक घरे, पुनर्वसनगृहे उपलब्ध करून देणे, हे शासनाचे काम आहे. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये. त्यांतले एकही मराठवाड्यात नाही. आपल्याकडच्या माणसाला उपचारही लांब आणि उपचारानंतरचे घरही लांब.

हे घर कसे असते, ते चेन्नईच्या ‘द बॅनियन’ या संस्थेने दाखवून दिले आहे. वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी ती 1993 मध्ये सुरू केली. त्यांच्या ‘होम अगेन’ उपक्रमात बरे झालेले चार-पाच जण साध्या वस्तीत भाड्याच्या घरात एकत्र राहतात. बाजारहाट करतात, स्वयंपाक करतात, जमेल ते काम करतात, सणवार करतात. सोबत प्रशिक्षण घेतलेली एक बाई असते. हे काम रत्नागिरीपर्यंत आले आहे. आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात शिंगवे नाईक येथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांनी रस्त्यावरच्या निराधार, मनोरुग्ण स्त्रियांना माउली सेवा प्रतिष्ठानात घर दिले. या माणसांपुढे मी नतमस्तक आहे. पण देणगीदारांच्या भरवशावर एखादी संस्था चालते. राज्यभरातल्या प्रत्येक शहराची गरज त्यावर भागत नाही.

फिनलंडमध्ये शासनाने हे काम स्वतःचे मानले. 1980 च्या दशकाच्या अखेरीस तिथे 18 हजारांच्या आसपास बेघर होते. 2008 पासून सरकार आणि महापालिका यांनी मिळून आधी भाडेकराराचे पक्के घर आणि मग उपचार, असे धोरण राबवले. हेलसिंकीतल्या सॅल्व्हेशन आर्मीच्या सुमारे 250 खाटांच्या निवारागृहाचे रूपांतर 81 सदनिकांत झाले आणि मदतीला त्याच इमारतीत कर्मचारी ठेवले. 2022 च्या अखेरीस देशातल्या बेघरांची संख्या 4 हजारांच्या खाली आली होती. तो देश श्रीमंत आहे, हे खरे. पण आपणही त्याच माणसाला पुन्हा पुन्हा वॉर्डात दाखल करतो, पोलिसांकरवी उचलतो, कोर्टापुढे नेतो. तो खर्च आपण करतोच आहोत. त्याने त्या माणसाला घर मिळत नाही, एवढेच.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. महापालिकेने आपल्या अंदाजपत्रकात आधारासह कायमच्या घरासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे. राज्य शासनाने काळजीवाहक आणि समाजसेवक यांचे पगार दरवर्षीचा आवर्ती खर्च म्हणून उचलावेत. रहिवासाच्या पुराव्याऐवजी निवारागृहाचा किंवा सरकारी रुग्णालयाचा दाखला चालावा. सुरुवात पाच घरांनी करा, पण त्यांची तरतूद पाच वर्षांनी संपणारी नको.

आणि एक मागणी आपल्या सर्वांकडे, गारखेड्यातल्या माझ्या शेजाऱ्यांकडे. ही घरे शहराबाहेर माळावर गेली तर दवाखाना, किराणा आणि माणसांची ओळख, सगळेच तुटते. ती आपल्याच गल्लीत हवीत. उद्या एखाद्या घरमालकाने चार निराधार बायकांना वरचा मजला भाड्याने द्यायचे ठरवले, तर सोसायटीच्या बैठकीत विरोधाचा अर्ज न देता त्यांच्या बाजूने उभे राहा. आणि आपल्या वॉर्डाचे नगरसेवक मते मागायला दारात येतील, तेव्हा रस्ता आणि पाणी यांच्या जोडीने हाही प्रश्न विचारा: बेघरांच्या घरासाठी यंदा किती तरतूद केली आणि पुढच्या वर्षी ती राहणार का?