आपल्यालाही पाहायचं आहे

(पिंपळनेर, ता. साक्री, जि. धुळे येथे बचत गटातील महिला आणि कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या बैठकीत मला विषय दिला आहे ‘परदेशी चित्रपटांच्या महोत्सवातले माझे अनुभव’. पत्रिका वाचून आपल्यापैकीच एकीने मला विचारलं, “ताई, रेशनचा प्रश्न आहे, दारूचा प्रश्न आहे, वनजमिनीचे दावे पडून आहेत. त्यात हा पिक्चरचा विषय कशाला?” प्रश्न रास्त आहे. मी एम.एस.डब्ल्यू. झाले, तेव्हापासून या भागात काम करते. त्या कामाचा आणि सिनेमा पाहण्याचा काय संबंध, हे मलाही स्वतःला पुन्हा पुन्हा विचारावं लागलं आहे.

आधी एक सांगते. मी परदेशात गेलेली नाही. जगभरातले चित्रपट आपल्याकडे येतात, तिथे मी जाते. आपल्या देशातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव १९५२ साली मुंबईत सुरू झाला. २००४ पासून तो गोव्यात भरतो. पुण्यात २००२ पासून असाच महोत्सव होतो. मी पुण्याला बहुतेक वर्षी आणि गोव्याला दोनदा गेले. नाव नोंदवायचं, फी भरायची, गळ्यात ओळखपत्र अडकवायचं आणि सकाळी नऊपासून रात्रीपर्यंत एकामागून एक चित्रपट पाहायचे. इराण, रुमानिया, सेनेगल, ब्राझील. एका दिवसात चार देश होतात. मध्ये रांगेत उभं राहून वडापाव खायचा.

आता तुम्ही म्हणाल, मजा आहे. आहेच. पण ही मजा बाईच्या वाट्याला कशी येते ते पाहू या.

पहिल्या वेळी मी पुण्याला निघाले तेव्हा मला सल्ला मिळाला, “ट्रेनिंगला चालले असं सांग, म्हणजे कोणी काही विचारणार नाही.” मी तसं सांगितलं नाही. “सिनेमे पाहायला चालले आहे, पाच दिवस,” असं सांगितलं. त्यावर घरात, शेजारात, एवढंच काय कार्यकर्त्यांतही जे प्रश्न आले ते तुम्हाला माहीत आहेत. सोबत कोण? मुलांचं कोण करणार? आणि कशासाठी? लग्नाला, मयताला, दवाखान्यात, देवाला, बैठकीला बाई गेली तर चालतं. प्रत्येक वेळी ती कोणासाठी तरी जाते. स्वतःसाठी, नुसतं पाहायला जाते म्हटलं की तिचं जाणं संशयाचं होतं. पुरुषाला कोणी विचारत नाही. तो ‘जरा जाऊन येतो’ म्हणतो आणि जातो.

पिंपळनेरहून ताहराबाद, सटाणा, नाशिक करत पुण्याला पोचले. एका लॉजवर खोली मागितली तर, “एकट्या लेडीजला देत नाही.” ओळखपत्र दाखवलं, पैसे आगाऊ देते म्हटलं. तरी नाही. शेवटी एका मैत्रिणीच्या मैत्रिणीकडे उतरले. त्या दिवसापासून मी म्हणते, सिनेमाच्या तिकिटाचे पैसे हा बाईचा शेवटचा प्रश्न. त्याच्या आधी वेळ, परवानगी, रस्ता आणि रात्री पाठ टेकायला जागा, एवढे चार प्रश्न असतात.

हे काही आजचं नाही. आपल्या लहानपणी यात्रेत तंबूतला सिनेमा यायचा. बायकांची बाजू वेगळी, मध्ये दोर. बायका पोरं कडेवर घेऊन यायच्या, अर्ध्यात पोर रडलं की उठून जायच्या. शेवट काय झाला ते दुसऱ्या दिवशी पाण्यावर दुसऱ्या बाईला विचारायच्या. महाराष्ट्रातल्या या फिरत्या तंबूंवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ नावाचा माहितीपट केला. तो २०१६ मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखवला गेला, वाखाणला गेला. आपल्या यात्रेतला तंबू कानला पोचला. पण त्या तंबूतून अर्ध्यात उठून गेलेल्या बायकांनी शेवट कधी पाहिला?

पडद्यावर तरी आपण होतो का? दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये, १९१३ साली, तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषाने केलं, कारण काम करायला बाई मिळेना. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला पडद्यावर आल्या. पुढे आपल्या खानदेशातल्या, शिरपूरच्या घराण्यातल्या स्मिता पाटीलने ‘उंबरठा’मध्ये (१९८२) महिला सुधारगृहाच्या अधीक्षकाचं काम केलं. नोकरीसाठी घराबाहेर पडलेली आणि परत आल्यावर त्या घरात न मावलेली बाई. ही स्मिता १९८४ मध्ये कॅनडात मॉन्ट्रियलच्या महोत्सवात परीक्षक म्हणून बसली होती. आणि सुमित्रा भावे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिकलेल्या, म्हणजे माझ्याच क्षेत्रातल्या. झोपडपट्टीतल्या बाईचं जगणं नुसत्या अहवालात मावत नाही म्हणून त्यांनी १९८५ मध्ये ‘बाई’ हा लघुपट केला आणि मग शेवटपर्यंत चित्रपटच करत राहिल्या.

आता महोत्सवात पाहिलेल्या दोन-तीन चित्रपटांबद्दल सांगते.

पहिला सौदी अरेबियाचा, ‘वज्दा’ (२०१२). दिग्दर्शक हैफा अल मन्सूर ही बाई आहे. ज्या देशात तेव्हा सार्वजनिक चित्रपटगृहच नव्हतं, ती २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली, त्या देशात तिने चित्रपट केला. रस्त्यावर पुरुषांमध्ये उभं राहून काम करणं अवघड, म्हणून ती गाडीत बसून वॉकीटॉकीवरून सूचना द्यायची. गोष्ट साधी. शाळकरी मुलीला हिरवी सायकल हवी आहे. सायकल चालवणं मुलींना शोभत नाही, असं सगळे सांगतात. घरात भिंतीवर वडिलांच्या कुळाची वंशावळ आहे, झाडासारखी काढलेली. त्यात फक्त पुरुषांची नावं. मुलगी कागदाच्या चिठोऱ्यावर स्वतःचं नाव लिहून पिनने त्या झाडाला लावते. नंतर पाहते तर चिठोरी काढून टाकलेली.

हे पाहताना मला आपले सातबारे आठवले. आपल्याकडे राज्यात मानव विकास कार्यक्रमातून मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या. सायकल आली, पण झाडावरचं नाव? ते अजून चिठोऱ्यावरच आहे.

दुसरा सेनेगलच्या उस्मान सेम्बेन यांचा ‘मूलादे’ (२००४). आफ्रिकेतल्या एका गावात मुलींच्या सुंतेची प्रथा आहे. चार मुली पळून एका बाईच्या आश्रयाला येतात. ती दारात एक रंगीत दोरी बांधते. दोरी आहे तोवर आत शिरायचं नाही, अशी गावाची जुनी रीत. गावातले पुरुष काय करतात? बायका रेडिओ ऐकून बिघडल्या म्हणून घराघरातून रेडिओ गोळा करतात, मशिदीपुढे ढीग लावतात आणि पेटवतात. जळणाऱ्या ढिगातून काही रेडिओंचे आवाज येत राहतात. नवरा त्या बाईला सगळ्यांदेखत चाबकाने मारतो, पण दोरी काढायचा शब्द ती तोंडातून काढत नाही.

हे आफ्रिकेचं म्हणून सोडून देऊ नका. शेजारच्या गुजरातेत, बनासकांठा जिल्ह्यातल्या बारा गावांतल्या एका समाजाने २०१९ मध्ये ठराव केला की लग्न न झालेल्या मुलींनी मोबाईल बाळगायचा नाही. रेडिओचा मोबाईल झाला, एवढाच फरक. बाईने जग पाहिलं-ऐकलं की ती हातची जाते, ही भीती सगळीकडे सारखी. आणि ती भीती खरीच आहे! पाहिलेली बाई प्रश्न विचारते.

तिसरा चित्रपट बेल्जियमचा, १९७५ सालचा, ‘जान दिएलमान’. शान्ताल अकरमान या पंचविशीतल्या मुलीने केलेला. लांबी ३ तास २१ मिनिटं. एक विधवा बाई, तिचा मुलगा, तिचं घर. ती बटाटे सोलते, भांडी घासते, कॉफी करते, अंथरूण घालते. पैशासाठी दुपारी पुरुष येतात, तेही तिच्या रोजच्या कामात एक काम. बटाटे सोलायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ आपण ते सोलणं पाहत बसतो. मी पाहिला तेव्हा अर्ध्या तासात लोक उठून जाऊ लागले. “काहीच घडत नाही,” असं एक जण म्हणाला. मी बसून राहिले. माझ्या आईची सगळी हयात अशीच गेली आणि ती कोणी तीन तास सोडा, तीन मिनिटंही बसून पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिचे बटाटे जरा जास्त शिजतात, घडी विस्कटते आणि शेवटी भयंकर काही होतं. ज्यांना ‘काहीच घडत नाही’ वाटलं, त्यांना आपल्या घरातही काही घडताना दिसत नसणार. २०२२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ या इंग्रजी मासिकाने जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतला, त्यात हा आजवरचा सर्वश्रेष्ठ चित्रपट ठरला. त्या यादीत बाईचा चित्रपट पहिला येण्याची ती पहिलीच वेळ.

आता महोत्सवाची दुसरी बाजूही सांगायला हवी. तिथे सगळं इंग्रजीत चालतं. परदेशी चित्रपटाखाली इंग्रजी अक्षरं येतात, ज्याला वाचता येतं त्याने पाहावं. फी, प्रवास, राहणं, पाच दिवसांची मजुरी बुडणं हे परवडेल त्याने यावं. त्यामुळे खुर्च्यांवर कोण असतं ते तुम्हीच ओळखा. एका महोत्सवात दुष्काळी गावातल्या बाईवरचा चित्रपट संपल्यावर माझ्या पुढचे गृहस्थ म्हणाले, “काय सोशीक असतात हो या बायका! आणि फोटोग्राफी काय सुंदर!” आपल्यावरचे चित्रपट आपल्याशिवाय पाहिले जातात. आपली सोशीकता त्यांना सुंदर दिसते, कारण ती त्यांना सोसायची नसते. म्हणून मी एकटीने पाहून भागत नाही. ते इथे यायला हवं.

सगळे चित्रपट आणून दाखवता येत नाहीत. परवानगी लागते, भाषेची अडचण असते. मग मी गटाच्या बैठकीत त्यांची गोष्ट सांगते. पायल कपाडियाचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’, ज्याला २०२४ मध्ये कानला ग्रां प्री मिळालं, तो मी मुंबईत पाहिला आणि इथे येऊन सांगितला. त्यात आपल्या छाया कदमने पार्वतीचं काम केलं आहे. पार्वती दवाखान्यात स्वयंपाक करते. नवरा गेलेला. बिल्डरला तिथे टॉवर बांधायचा आहे आणि वीस-बावीस वर्षं राहिलेल्या घराचा एकही कागद तिच्याकडे नाही. वकिलाकडे जाते, तोही म्हणतो, कागद आणा. शेवटी ती रत्नागिरीकडच्या गावी परत जाते. जाण्याआधी मैत्रिणीसोबत बिल्डरच्या पाटीवर दगड मारते.

गोष्ट संपली तेव्हा आपल्यातली एक म्हातारी मावशी म्हणाली, “हाई ते आपलीच गोठ शे, माय.” आणि लगेच दुसरीने सगळ्यांना विचारलं, “तुन्हं घर कोना नाववर शे?” दोन-तीनच हात वर झाले. वनहक्क कायद्यात (२००६) पती-पत्नी दोघांच्या नावे पट्टा द्यायची तरतूद आहे, हे मी दोन वर्षं बैठकांत सांगत होते. बायका मान डोलवायच्या. त्या दिवशी मात्र घराच्या उताऱ्यावर, नमुना आठवर, आपलं नाव आहे का हे पाहायला त्या स्वतः ग्रामपंचायतीत गेल्या. सिनेमाने क्रांती झाली असं मी म्हणत नाही. ग्रामसेवकाशी भांडण अजून चालू आहे. पण आपली गोष्ट दुसऱ्या बाईच्या अंगावर पाहिली की ती आपलं नशीब राहत नाही, प्रश्न होते. कळलेला कायदा आणि पटलेला कायदा यांत हे अंतर असतं.

तेव्हा मला विचारलेल्या प्रश्नाला माझं उत्तर असं : रेशन, दारू, जमीन हे प्रश्न सोडून पिक्चर नको. पण ते लढताना बाईला स्वतःच्या जगण्याकडे लांबून पाहायला दोन तास हवेत. ते तिला आजवर कोणी दिलेले नाहीत.

यातून तीन गोष्टी सुचवते. एक, गटाची महिन्यातली एक बैठक पाहण्यासाठी ठेवू. हप्ते आणि वसुली त्या दिवशी नाही. पाहिलेलं किंवा ऐकलेलं आपल्या अहिराणीत, कोकणीत, भिलीत बोलायचं. दोन, वर्गणी काढून दरवर्षी आपल्यातल्या दोघींना पुण्याच्या महोत्सवाला पाठवू. राहण्याची सोय आपल्या मैत्रिणींच्या संघटना करतील, ते मी बघते. परत आल्यावर त्यांनी इथे सांगायचं. तीन, महोत्सव भरवणाऱ्यांना आपण सगळ्यांनी सह्या करून पत्र लिहू : बायकांवरचे निवडक चित्रपट मराठी अक्षरांसह तालुक्याच्या गावी आणा.

आणि घरी कोणी विचारलं, “कशासाठी चाललीस?” तर सरळ सांगा, पाहायला. एवढं कारण पुरेसं आहे.