नकाशावरचा झरा



मी विद्वान नव्हे. माझी शाळा चौथीतच सुटली. नकाशा वाचायला मी शिकलो तो युनियनच्या कामात, कारखान्याचे आराखडे समजावेत म्हणून. तेव्हापासून मी नकाशाला साक्षीदार मानतो. अशाच एका साक्षीदाराची हकीकत आज सांगणार आहे.

वेल्समधील टॅफ नदीचे खोरे हे एकेकाळी लोखंडाचे आणि कोळशाचे खोरे होते. त्यात आबरव्हान नावाचे गाव आहे; ते तेव्हा खाणकामगारांचे होते. गावाच्या माथ्यावरील डोंगरात झरे आहेत. ब्रिटनच्या सरकारी मोजणीखात्याने ते १८७४ पासून आपल्या नकाशांत दाखविले होते.

त्याच डोंगरावर खाणीतील टाकाऊ माल टाकीत. १९४७ साली खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. १९५८ साली सातवा ढीग सुरू झाला, तो झऱ्यांवरच. पाणी आत मुरत राहिले. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी सव्वानऊच्या सुमारास तो ढीग चिखलासारखा वाहत खाली आला. शाळा आणि शेजारची घरे गाडली गेली. १४४ माणसे दगावली. त्यांपैकी ११६ मुले.

कोळसा मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड रॉबेन्स म्हणाले, झरे अज्ञात होते. चौकशी ७६ दिवस चालली, १३६ साक्षी झाल्या. झरे गावाला ठाऊक होते आणि नकाशावरही होते, हे उघड झाले. १९६७ च्या अहवालाने दोष मंडळावर ठेवला. शिक्षा मात्र कोणालाच झाली नाही. उलट उरलेले ढीग हलविण्यासाठी लोकांनी दिलेल्या मदतनिधीतून दीड लाख पौंड घेतले गेले. ते परत मिळाले १९९७ साली, व्याजाविना.

मला बोचते ते निराळेच. ही खाण कोणा शेठजीची नव्हती, राष्ट्राची होती. मालक बदलला की कामगाराचे घरदार सुरक्षित झाले, असे आम्ही चळवळीतली माणसे फार दिवस मानीत आलो. आम्ही मजुरीचे दर तोंडपाठ करतो, पाळीचे तास मोजतो; पण आमच्याच हातांनी उपसलेला माल कोणाच्या डोक्यावर रचला जातो, हे विचारीत नाही.

म्हणून माझे एवढेच मागणे आहे. आपल्या नदीकाठी कोणी भराव घालू लागला, तर आधी जुना नकाशा मागा. त्यावरील बारीक रेघ ओहोळाची आहे काय, ते पाहा. आणि गावातल्या म्हाताऱ्यांनाही विचारा. झरा बुजविला म्हणून पाणी आपली वाट विसरत नाही.