सही जुळत नाही
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



मला पाच मिनिटं दिली आहेत. बँकेतला माणूस आहे, वेळेत हिशेब मिटवतो.

चौतीस वर्षं नोकरी केली. चेकवरची सही नमुना सहीशी ताडून पाहण्यात त्यातली बरीच गेली. सहीवरून माणूस ओळखतो, असा मला अभिमान होता.

निवृत्तीनंतर आपल्या सोसायटीचा खजिनदार झालो. एकदा लिफ्टच्या दुरुस्तीचा चेक परत आला. कारण, 'सही जुळत नाही.' दोन महिन्यांनी वॉचमनच्या पगाराचाही आला. दोन्ही वेळा घोळ सेक्रेटरींच्या सहीचा. भर मीटिंगमध्ये मी बोललो, "अहो, धड सही करता येत नसेल तर पद सोडा!" ते गप्प राहिले. पुढच्या मीटिंगला त्यांचा राजीनामा आला. मला वाटलं, बरं झालं.

वर्षभराने ते माझ्याकडे आले. म्हणाले, "साहेब, आता सही जमतच नाही. पेन्शन कसं काढू?" डॉक्टरांनी कंपवाताचं निदान केलं होतं.

ते गेल्यावर मी जुनी व्हाउचर्स काढून तारखेप्रमाणे लावली. त्यांची सही महिन्यागणिक लहान होत गेलेली. शेवटी तर अक्षरं मुंगीएवढी. या आजारात अक्षर असं बारीक होत जातं. त्या प्रत्येक व्हाउचरवर त्यांच्या सहीशेजारी माझी सही होती. सही रोज पाहिली, हात कधी पाहिलाच नाही.

पेन्शनचा मार्ग सोपा होता. सही जमत नसेल तर अंगठा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. नोकरीत असताना अशा आजारी खातेदारांच्या घरी मी स्वतः जिने चढून गेलोय. इथे मात्र एक मजला उतरून शेजाऱ्याला विचारलं नाही, "हाताला काय होतंय?"

मी खाली जाऊन माफी मागितली. ते हसून म्हणाले, "तेव्हा मला तरी कुठे माहीत होतं?" त्यांच्या अंगठ्याचा दुसरा साक्षीदार मीच झालो. आज ते समोर बसलेत. हे सर्वांना सांगा, असं त्यांनीच सुचवलं.

पंचवीस वर्षांत आपण मीटिंगमध्ये पुष्कळ भांडलो, पुढेही भांडू. फक्त आवाज चढवण्याआधी एकदा त्या घराची बेल वाजवून बघा.