मालकीण आपणच, कामगारही आपणच; मग हजेरी कोण मांडणार?

शीळफाट्याहून आम्ही बोलतोय. आज वहीबद्दल बोलायचंय. जमाखर्चाच्या वहीबद्दल नाही, ती सगळ्याच गटांकडे असते, बँक मागते म्हणून का होईना. आपण किती वेळ राबलो, ते लिहायच्या वहीबद्दल.

आमच्या गटातल्या अकरा जणींनी मसाला आणि भाकरी-भाजीचे डबे असं काम सुरू केलं. काम वाढलं तशी रीतसर कंपनी केली. पाच जणी संचालक, बाकीच्या भागधारक. घरातले पुरुष चेष्टेनं 'मॅडम' म्हणायला लागले, आम्हालाही ते आवडलं, खोटं कशाला सांगा. पण त्या आनंदात एक गोष्ट सुटली. आधी दुसऱ्याच्या कारखान्यात जायचो तेव्हा मुकादम हजेरी मांडायचा. दोन मिनिटं उशीर झाला की अर्धा दिवस कापायचा, म्हणून त्याचा राग यायचा. आता मुकादम नव्हता आणि हजेरीही नव्हती. कोण पहाटे आली, कोण लवकर गेली, सगळ्यांना तोंडपाठ. मग लिहायचं कशाला?

मग आमच्यातल्या एका ताईंना अपघात झाला. सकाळचे डबे घेऊन रिक्षानं निघाल्या होत्या. कल्याणची, मुंब्र्याची, पनवेलची वाहनं आमच्या नाक्यावर कशी एकमेकांत घुसतात ते तुम्हाला सांगायला नको. टेम्पोची धडक बसली, मांडीचं हाड मोडलं, चार महिने अंथरुणात. दवाखान्यात पुतण्या धावपळ करत होता. पेशंट काय काम करते असं विचारलं, तो म्हणाला, "काकी घरीच असते." कागदावर आलं 'गृहिणी'. पोलिसांच्या कागदावरही तेच उतरलं. पोराला तरी काय बोलणार? काकी पहाटे चारला घराबाहेर पडायची तेव्हा तो झोपलेला असायचा.

ठाण्याला नुकसानभरपाईचा दावा लावायचं ठरलं. २०२२ पासून असा दावा अपघातानंतर सहा महिन्यांत दाखल करायचा नियम आहे, तेवढं लक्षात ठेवा. वकीलबाईंनी विचारलं, "ताई काय काम करायच्या? रोज किती तास? महिन्याला किती मिळायचे? आणि हे कोण सांगणार?"

आम्ही छाती काढून म्हणालो, "कंपनी दाखला देईल."

"कंपनी कुणाची?"

"आमची."

"म्हणजे ताईंचीसुद्धा. समोरचा विमा कंपनीचा वकील म्हणेल, बाईंनी स्वतःच स्वतःला दाखला दिला."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. पुरावा नसला की मिळकत अंदाजानं किंवा किमान वेतनाच्या हिशोबानं धरली जाते, असंही त्यांनी सांगितलं. गृहिणीच्या कामाला किंमत नाही असं नव्हे. २०२१ सालच्या कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या खटल्यात सुप्रीम कोर्टानं घरकामाची मिळकत धरायला हवी असं बजावलं. सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरातल्या बिनपगारी कामाला बाई दिवसाला २९९ मिनिटं देते आणि पुरुष ९७, असं निघालं होतं, त्याचाही त्या निकालात उल्लेख आहे. पण आमच्या ताई घर सांभाळून वर हेही काम करत होत्या. ते दुसरं काम कागदावर कुठेच नव्हतं.

इथे आम्ही एक चूक केली. सांगायला लाज वाटते, तरी सांगतो. कुणीतरी म्हणालं, हजेरी नाही ना, मग करू या. एका रात्री बसून मागच्या आठ महिन्यांची हजेरी लिहून काढली. वकीलबाईंनी वही उघडली आणि दोन मिनिटांत मिटली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच पेन, एकच अक्षर. रोज बरोबर दहा तास. गौरी-गणपतीच्या विसर्जनालासुद्धा दहा तास! त्यात वही घेतल्याची पावती आतच राहिलेली, मागच्या आठवड्याची. बाई म्हणाल्या, "ही वही कोर्टात गेली तर ताईंनी खरं केलेलं कामही खोटं ठरेल. घरी न्या." आमच्यातल्या सर्वात थोरल्या मावशी त्या रात्री लिहायला बसल्याच नव्हत्या. परत येताना त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग जे खरं होतं ते शोधायला लागलो. आणि मैत्रिणींनो, बरंच निघालं. ताईंच्या फोनवरून पहाटे सव्वाचारला पाठवलेले 'पीठ कमी पडतंय', 'गॅस संपला' असे आवाजी निरोप. डबे घेणाऱ्या गोदामवाल्यांना 'पोहोचले' म्हणून टाकलेले मेसेज, तारीख-वेळेसकट. गॅसच्या पावत्या. महिन्याच्या बैठकीचं इतिवृत्त, त्यात डब्यांची जबाबदारी ताईंकडे दिल्याचा ठराव आणि सगळ्यांच्या सह्या. ताईंच्या खात्यात जमा झालेले पैसे. रोज नेणारे रिक्षावाले दादा साक्षीला तयार झाले. ते ना मालक, ना नातेवाईक, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन. हे सगळं जुळवलं तेव्हा आम्हाला दहा वाटणारे तास सात निघाले. सातच लिहून दिले.

हा प्रश्न फक्त अपघाताचा नाही. बांधकाम मजुरांच्या कल्याणकारी मंडळात नाव घालायचं तर मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार देतो, किंवा ग्रामसेवक, नगरपालिका देते. ई-श्रम कार्ड आपल्यातल्या बऱ्याच जणींकडे आहे, पण त्यात आपण स्वतः सांगितलेलं लिहिलेलं असतं. कार्ड आहे म्हणजे आपण कामगार आहोत एवढं कळतं, किती दिवस केलं ते कळत नाही.

कंपनी काढलेल्या बायकांनी ईएसआयचं नीट ऐका. दहा किंवा जास्त कामगार असले की ते लागू होतं, पगार २१ हजारांच्या आत असला पाहिजे. कामगाराचे पाऊण टक्का, कंपनीचे सव्वातीन टक्के. बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा त्यातून मिळते, पण मागच्या लागोपाठच्या दोन सहामाहींत मिळून ७० दिवसांचं अंशदान भरलेलं लागतं. आता मालकीणच काम करत असेल तर ती कामगार धरतात का? रामानुज मॅच इंडस्ट्रीजच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं १९८४ साली सांगितलं की भागीदारी पेढीतला भागीदार पगार घेत असला तरी कामगार नाही. पुढे नव्वदीच्या दशकात दुसऱ्या एका खटल्यात सांगितलं की कंपनीचा संचालक पगारावर काम करत असेल तर तो कामगार ठरू शकतो, कारण कंपनी वेगळी आणि माणूस वेगळा. म्हणजे गटाची भागीदारी करायची की कंपनी, यानं एवढा फरक पडतो. आम्ही हे नोंदणीनंतर शिकलो. तुम्ही आधी विचारा, आणि आपापल्या हिशोबनिसाला विचारूनच पाऊल टाका.

अशी अडचण आलेल्या आपण पहिल्या बायका नाही. अहमदाबादच्या इला भट्ट १९७२ साली 'सेवा' संघटना नोंदवायला गेल्या तेव्हा कामगार खात्यानं हाच सवाल केला, या बायकांना मालकच नाही, मग संघटना कुणाविरुद्ध? तरी नोंदणी झाली. सोलापूर, निपाणीकडे घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांचं बघा. १९६६ च्या कायद्यानं त्यांना घरबसल्या कामगार मानलं, आणि पान-तंबाखू किती दिला, विड्या किती आल्या, ते कार्डावर उतरू लागलं. तिथे तास मोजायला कुणी बसत नाही, तरी नगांवरून काम दिसतं. आमच्याही वहीत म्हणून तासांशेजारी किलो आणि डबे लिहितो.

आता वही कशी ते सांगतो. वही मुद्दाम शिवलेली घेतली, सुट्टी पानं नकोत. आल्याबरोबर वेळ, जाताना वेळ, काय केलं ते, आणि सही. जिला सही येत नाही तिचा अंगठा, शेजारी दुसरीची सही. मधे कुणी पोराला शाळेत सोडायला गेली तर तेवढा वेळ वजा. घरी नेऊन मिरची निवडली तर ती वेगळ्या रकान्यात. रात्री त्या पानाचा फोटो गटाच्या व्हॉट्सॲपवर जातो, म्हणजे ते पान त्याच दिवशी लिहिलं याची तारीख आपोआप पडते. खाडाखोड झाली तर एक रेघ मारून शेजारी सही. पांढरी शाई आम्ही घरातच ठेवत नाही. मजुरी आणि नफ्याचा वाटा आधी एकत्रच खात्यात टाकायचो, आता वेगळे टाकतो आणि 'अमुक महिन्याची मजुरी, २२ दिवस' असं लिहितो. नफा हा मजुरी नव्हे, दाव्याच्या वेळी हाच घोळ होतो.

भांडणं झाली, नाही असं नाही. एकीचे तास कमी दिसायला लागले, ती रुसली. दुसरी म्हणाली, आपल्याच घरात कसली हजेरी? आणि मसाल्याच्या दिवसांत, मार्च ते मे, बारा-बारा तास निघतात हे वहीनं दाखवल्यावर पुढच्या वर्षी दोन पाळ्या कराव्या लागणार, त्यावर अजून एकमत नाही.

ताईंचा दावा चालू आहे. त्या आता काठी घेऊन येतात, बसून पाकिटं भरतात. वही दाराशी खिळ्याला टांगलेली असते आणि पेन मावशींच्या ताब्यात. उशिरा आलेलीला त्या तेवढंच विचारतात, "किती वाजले गं?" आणि घड्याळाकडे बघून खरी वेळ लिहायला लावतात.