नाकाला न कळणारा वायू
(गणेशोत्सवातील भाषण)



मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर, रसायनशास्त्रज्ञ नव्हे. पण विषय आपल्या घरचाच आहे. 12 जून 2014 रोजी भिलाई इस्पात संयंत्रातील पंप हाउसमध्ये वायुगळती होऊन सहा जण दगावले. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. तिथे नाकाचे काम यंत्रानेच करायला हवे.

1960 च्या दशकात जपानमध्ये टागुची यांनी टिन ऑक्साइडचा सेन्सर बनवला. वायूचा संपर्क आला की त्याचा विद्युतरोध बदलतो. अडचण अशी, की तो साधारण 200 ते 400 अंशांपर्यंत तापवावा लागतो. खिशातली बॅटरी किती वेळ पुरणार?

म्हणून संशोधक धातूंच्या सल्फाइडकडे वळले. मॉलिब्डेनम डायसल्फाइड म्हणजे आपल्या ग्रीसमध्ये असते तीच काळी पूड. तिचे थर पत्त्यांसारखे सुटतात, आणि न तापवताही वायू ओळखतात. सी. एन. आर. राव, विनायक द्रविड आदींच्या 2013 च्या शोधनिबंधात नायट्रोजन डायऑक्साइड व अमोनिया ओळखण्यात दोन थरांपेक्षा पाच थरांचा पापुद्रा सरस ठरला.

उणिवाही आहेत. दमट हवेत तो गोंधळतो, आणि वायू गेल्यावर सावरायला वेळ घेतो. कार्बन मोनॉक्साइडसाठी आजही विद्युत-रासायनिक मीटरच भरवशाचा.

असा स्वस्त सेन्सर ठेकेदाराच्या मजुराच्याही खिशात येईल तो सुदिन. तोवर आहे तो मीटर कपाटात नको, अंगावर हवा. वाजला की आधी बाहेर पडा. सोबती कोसळला तरी श्वसनयंत्र लावल्याशिवाय आत धावू नका. घरी आपली वाट पाहणारे आहेत.

गणपती बाप्पा मोरया!